शिमग्याची पाळी

नाताळच्या दिवशी सकाळी नाईक जनार्दन मारला गेला. तो ज्या रस्त्यावर मारला गेला, तिथे त्या दिवशी ड्युटी खरं तर माझी होती.

आमची कंपनी तेव्हा उत्तर काश्मीरमध्ये होती. उजाडताच एक तुकडी रस्त्याने पायी निघे, मोऱ्या आणि कडेची झुडपं तपासत जाई, आणि मगच कॉन्व्हॉय सुटे. या कामाला आरओपी, म्हणजे रोड ओपनिंग पार्टी, म्हणतात. रोज तेच वळण, तोच पूल, तोच बर्फ.

कंपनीत ख्रिस्ती आम्ही तिघे. सणाला एकमेकांची ड्युटी उचलायची ही फौजेतली जुनी रीत आहे. जनार्दन, आमचा जना, उरणकडच्या आगरी गावातला. शिमगा त्याला दिवाळीपेक्षा मोठा, म्हणून होळीला त्याच्या जागी मी उभा राहिलो होतो. नाताळला माझ्या जागी तो निघाला. प्रार्थना आटपली की पुलावर येतो, असं मी त्याला म्हटलं. तो हेल्मेटचा पट्टा आवळत होता.

"तू गप मेणबत्त्या लाव, सामू. बंकर जालू नको म्हंजे झाला. आनि माजा केक ठेव. मोठा तुकडा."

मी शास्त्रपाठ वाचत असताना स्फोट ऐकू आला. मग रेडिओवर सुभेदारसाहेब.

"अल्फा, चार्ली. आयईडी ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर." आमच्या ऑपरेटरने विचारलं.

"नाईक जनार्दन. स्ट्रेचर पाठवा. घाईची गरज नाही. ओव्हर."

स्ट्रेचरच्या एका टोकाला मी होतो. केकचा तुकडा मेस टिनमध्ये झाकून ठेवला होता. तो कोणी टाकला, मला माहीत नाही.

निवृत्तीनंतर मी जनाच्या गावापासून तासाभरावर, सुकापूरला फ्लॅट घेतला. जनाचे वडील धाऊबाबा गावीच होते. त्यांचं मिठागर भूसंपादनात गेलं होतं, घराचा ओटा तेवढा जुना राहिला होता. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जेवायला जाई. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र जनाची वेगळीच गोष्ट झाली होती. तारण झालेल्या माणसाने रोज कसं जगावं, हा विषय निघाला की पाळक मला साक्ष द्यायला उभं करत. एका निर्दोष माणसाने माझी जागा घेतली, हे मी सांगे. बायका डोळे पुसत. पाळक म्हणत, आता पाहा, प्रभूने काय केलं ते नीट समजलं ना. पुढच्या रविवारी पार्किंगवरून तीच माणसं भांडत.

एका नाताळला पाळकांनी धाऊबाबांचा सत्कार ठरवला. मी त्यांना घेऊन आलो. शाल दिली, पुढच्या बाकावर बसवलं, आणि माझी साक्ष झाली. धाऊबाबांनी ती सगळी ऐकली. बाहेर आल्यावर त्यांनी शाल घडी करून माझ्या हातात दिली.

"सामू, माजा पोर जेवाला परत येनार व्हता," ते म्हणाले. "तुमी त्याला देवाला वाह्यलात. मना विचारलात काय?"

ते बोलले ते खरं होतं. ज्या प्रभूवर माझा विश्वास आहे, त्याने जाणून जीव दिला. जनाने नाही दिला. तो घेतला गेला. तो केक मागून गेला होता. त्याच्या मरणाला खंडणी, म्हणजे आपल्या सुटकेचं मोल, म्हणायचं आणि आपण सुटलो म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे प्रभूबद्दल आणि जनाबद्दल, दोघांबद्दलही खोटं बोलणं आहे. एवढं उमजायला मला त्याच्या बापाला पुढच्या बाकावर बसवावं लागलं.

पुढच्या वर्षी पाळकांनी पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. माझा विश्वास थंडावला, असं मंडळीत बोलतात. मी मागच्या बाकावर बसतो. प्रार्थना करतो, पण आभार मानताना जनाचं नाव घेत नाही.

धाऊबाबांकडे अजून जातो. ते वाढतात, बोलत नाहीत. पानात मासळी असते. समोरच्या भिंतीवर जना युनिफॉर्ममध्ये आहे, पट्टा नीट आवळलेला.

आमच्यात पाळी ठरलेली होती. होळीला मी, नाताळला तो. त्याची करून झाली. पुढच्या शिमग्याची माझी होती. ती माझ्याकडे राहिली आहे.