अंबाडीवालीचा दगड

मला माणसात आणलं ते काटेवाल्या मामांनी, हे आधी सांगून टाकतो. काय घडलं ते मागाहून. कारण घडलेलं सांगायला बसलो की माझी अजून धांदल उडते, आणि त्या धांदलीत मामांचं नाव मागे राहील अशी धास्ती वाटते. मामांनी हातात धरून तोललं नाही असं या जगात काही उरलं असेल असं मला वाटत नाही. नेरच्या कापसाच्या बाजारात त्यांनी उभी हयात काटा धरला होता. काटा सुटला तरी तळहात काही स्वस्थ बसेना. भाकरी खाण्याआधी तोलत. चप्पल पायात घालण्याआधी एकेक उचलून पाहत आणि डावी जड लागली तर त्या दिवशी गावाबाहेर जात नसत. पोस्टमनने दिलेलं पाकीट न फोडता दोनदा वरखाली करत आणि म्हणत, “हलकं हाय. बातमी चांगली हाय. वाईट बातमी जड राह्यते.” मग ते पाकीट आठ-आठ दिवस फोडायचं राहून जाई.

माणूस भेटला की रामराम करायच्या ऐवजी ते त्याचा हातच आपल्या तळव्यावर घेत, आणि घरचे जे विचारत नाहीत ते सांगून मोकळे होत. “आज जेवला नाई तू.” “बायकोशी भांडून आला, मनगट पाह्य कसं दगडावानी झालं.” इथपर्यंत गावाला गंमत वाटे. पण एकदा म्हातारा कोतवाल तंबाखू मागायला आला. मामांनी त्याचा हात तोलला, थांबले, पुन्हा तोलला आणि चिमूटभर द्यायच्या ऐवजी तंबाखूची सबंध पिशवी त्याच्या खिशात घातली. कोतवाल खूश होऊन गेला. तिसऱ्या दिवशी भरदुपारी पारावर टेकला तो उठलाच नाही. मामांना विचारलं तर एवढंच म्हणाले, “हात हलका लागला होता.” तेव्हापासून मामा समोरून दिसले की गावातली मोठी माणसंही दोन्ही हात जोडून लांबूनच नमस्कार करत. हात जोडलेले असले म्हणजे कुणाला तोलता येत नाहीत. गावात एवढा विनय मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सहावीत शाळा सोडली, विसाव्या वर्षी थोरल्या भावाशी वाद घालून घर सोडलं, आणि ओळखीच्या एका माणसाचं बोट धरून थेट नेरजवळच्या त्या गावात येऊन पडलो. काम मिळालं भुईमुगाच्या राखणीचं. मालक सरळ माणूस होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, “बापू, हा भुईमूग घरात आला तं तू इथं वर्षभराचा मानूस. डुकरानं खाल्ला तं तू मोकळा.” मोकळा होऊन मी कुठे जाणार होतो? घरी जायला तोंड नव्हतं. आणि डुक्कर साधं नव्हतं. एक कान फाटलेलं, डबा वाजवला की पळायचं सोडून ऐकत उभं राहणारं. आधीचा राखणदार त्याच्याच भीतीने गेला होता. बंदूक मालकाच्या नावावर. ती काही परमुलखातल्या गड्याच्या हाती मिळणार नव्हती. शेजारच्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मामांची झोपडी होती. त्यांनी राळेगावकडच्या कोलामांच्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, माझ्यासाठी बांबूचं धनुष्य आणि डझनभर बाण आणून दिले.

धनुष्य आलं, पण माझा हात जन्माचा थरथरता. पहिला बाण माझ्याच खोपटाच्या छपरात गेला. दुसरा मालकाच्या गव्हाणीत उभा राहिला आणि बैलाने त्याच्याकडे पाहून चारा सोडला. मामांनी माझं मनगट तळव्यावर घेतलं. मी डोळे मिटले. माझा हात हलका लागतो की काय, ही भीती.

“रिकामा काटा वाऱ्यानंही हालते,” मामा म्हणाले. “पारड्यात काही ठेवलं का गप बसते. तुहा हात रिकामा हाय, एवढंच. चाल.”

त्यांच्या झोपडीतल्या कोनाड्यात वजनं मांडलेली होती. सरकारने शेर-छटाक बंद करून किलो आणला, त्याच वर्षांतली ही गोष्ट. दुकानादुकानांतली जुनी वजनं मोडीत चालली होती आणि मामा त्यांतली एकेक मागून आणत, तीही फक्त मेलेल्या माणसांची. प्रत्येक वजनाला सुतळी, दोन वजनांच्या मध्ये दोन बोटं अंतर. भरदिवसा, वारा नसताना, त्या कोनाड्यातून टक्क असा आवाज आला तेव्हा मी दाराकडे सरकलो. मामांनी मानसुद्धा वळवली नाही. “वानी आन् सोनार. जिते होते तवाही पटत नव्हतं.”

धनुष्याच्या मुठीपुढे त्यांनी वीतभर सागाची काडी आवळून बांधली, समोर शिंगासारखी निघालेली. तिच्या टोकाला वजन बांधायचं, म्हणजे हात डुलत नाही. “आता सांग,” ते म्हणाले, “कोनाचा हात पाह्यजे तुले?”

मला आधी कळलं नाही. ज्याने वजन उभा जन्म हाताळलं त्याचा हात त्यात राहतो, असं त्यांचं म्हणणं. मी भीतभीत सोनाराचा छटाक निवडला. हात थोडा स्थिरावला, पण इतका चिकित्सक झाला की नेम धरून धरून बाहू भरून आले आणि बाण सोडवेना. खाटकाचं अच्छेर, म्हणजे अर्ध्या शेराचं वजन, बांधलं तर धनुष्य खाली झुकलं आणि का कोण जाणे, माझे दात आवळले गेले. ते मामांनी लगेच सोडलं. वाण्याचा पावशेर छान बसला, फक्त प्रत्येक बाण निशाणाच्या हातभर अलीकडे पडे. मामांना काही नवल वाटलं नाही. “आयुष्यभर कमीच देल्लं त्यानं. आता कायले पुरं देईल?”

कोनाड्याच्या अगदी आत, बाकीच्यांपासून लांब, एक काळा गुळगुळीत दगड होता. मी हात पुढे केला तसे मामा म्हणाले, “थे राहू दे.” मग त्यांनीच तो उचलला. त्यांची वारलेली बायको बाजारात अंबाडीची भाजी विकायची. लोखंडी वजन मिळेना म्हणून नदीतला दगड तिने पावशेराशी जुळवून घेतला होता, आणि मुद्दाम जरा जड निवडला होता. “बाजारात मी काटा धरून बसत जाओ आन् माही बायको चुकीच्या मापानं विकत होती. बोललो तं म्हने, गिऱ्हाइकाकडं चूक झाली तं काय बिघडते?” त्यांनी तो दगड काडीला बांधला. मी दोरी ओढली आणि पहिल्यांदाच माझा हात गप्प बसला. मनगटाभोवती गार बोटं आल्यासारखं वाटलं. बाण निशाणाच्या किंचित वरून गेला.

“एक बोट खाली धरजो,” मामा बजावून म्हणाले. “थे जास्तच देते.”

मी रोज संध्याकाळी सराव करी. बाण वेलांत हरवत, अंधार पडे, शोधायला जायची छाती होत नसे. आणि सकाळी पाहावं तर हरवलेले सगळे बाण खोपटाच्या दाराशी जुडी करून ठेवलेले, टोकं सारखी केलेली, अंबाडीच्या वाखाने बांधलेली. पहिल्या दिवशी मी जुडीला शिवलोच नाही. मामांना सांगितलं तर ते दाढी खाजवत म्हणाले, “बांधली कशी होती?” मी गाठ दाखवली. त्यांनी ती सोडली नाही, कापूही दिली नाही. तशीच्या तशी बाणांवरून सरकवून काढली आणि कोनाड्यात नेऊन ठेवली. असं नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी उजाडताना शेतावर दाट धुकं होतं. वेलांतून खसखस ऐकू आली. मी धनुष्य घेऊन बाहेर आलो. वीसएक पावलांवर काळा उंचवटा, बसकट, पुढे सरकणारा. मधेच थांबून हुंगल्यासारखं करणारा. मालकाचे शब्द कानात वाजत होते. दोरी ओढली. हात जराही हलला नाही, मनगट गारठलं, आणि मी बाण सोडला. सोडल्यावर आठवलं की एक बोट खाली धरायचं राहिलं.

उंचवटा उठून उभा राहिला. घोंगडीच्या खोळीच्या शेंड्यात माझा बाण आरपार अडकलेला होता आणि खाली मामांचं डोकं होतं. हातात माझे तीन बाण.

“पाह्यलं?” ते म्हणाले. “जास्तच देल्लं तिनं.”

मी वेलांतच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मामा शेजारी येऊन टेकले, माझा हात तळव्यावर घेऊन वरखाली केला. “रडू नको. भरला आता हात. डोळ्यानं कमी दिसते मले, म्हनून बसून बसून हुडकत होतो.”

थोड्या वेळाने मी म्हणालो, “म्हणजे रोज बाण तुम्हीच आणून ठेवत होता.”

“परवापासून येऊन राह्यलो.”

“आणि त्याच्या आधी? सात दिवस?”

मामांनी धनुष्याकडे पाहिलं. दगडावर दव जमलं होतं, बाकी धनुष्य कोरडं होतं. “मले कायले विचारते,” ते म्हणाले.

त्यानंतर मी बाण सोडला नाही. धनुष्य धुऱ्यावरच्या खुंटीला टांगून ठेवलं, दगडासकट. त्या एककान्या डुकराच्या खुरांचे माग रोज सकाळी त्या खुंटीपर्यंत येत आणि तिथूनच माघारी वळत. भुईमूग घरात आला. मालकाने शब्द पाळला. पुढे वर्षभराने त्याच्याच ओळखीने मला वर्ध्याला मालधक्क्यावर काम लागलं, तेही काट्यावर. निघताना मामांनी दगड माझ्या पिशवीत घातला. मी नको म्हणत होतो. “परदेसात हात हालते,” ते म्हणाले. “ने. माहा हात हलका झाला का आनून देजो, म्हंजे झालं.”

परवा त्यांचं पाकीट आलं. मी फोडण्याआधी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केलं. अगदी हलकं होतं. आत कुणा मास्तरच्या अक्षरात चार ओळी: “हात हलका होऊन राह्यला. दुसऱ्याचा असता तं सांगतलं नसतं. दगडाची घाई नाई, तुही सुट्टी पाहून येजो.”

सुट्टी मागितली आहे. दगड फडक्यात बांधून उशाशी ठेवला आहे. मामांनी माझ्यासाठी जे केलं त्याची फेड एका फेरीत होणार नाही, पण सुरुवात ठरवली आहे. दगड त्यांच्या तळव्यावर ठेवीन, खालून माझा हात लावीन, आणि ते पुरे म्हणेपर्यंत तो हलू देणार नाही.