गच्चीवरचं ऊन

आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या काकी प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. “मी भांडते काय? नाय भांडत.” समोरच्याला तोंड उघडायला जागाच उरत नाही. मला त्यांची थोडी भीतीच वाटते.

दर एप्रिलमध्ये त्या लालबागच्या बाजारातून मिरच्या आणतात, गच्चीवर वाळवतात आणि डंकावर नेऊन कुटून घेतात. मग बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात मसाल्याची एकेक बरणी जाते. पैशांचं नाव काढलं तर बरणी परत नेतात.

गच्चीवर सोलर पॅनल बसवायचं ठरत होतं, तेव्हा सोसायटीच्या सभेत विरोध करणाऱ्या त्या एकट्याच. सेक्रेटरी म्हणाले, “दिवसभर ऊन असतं वर, लिफ्टचं बिल वाचेल.” काकी उठल्या. “आणि मिरच्या कुठे वाळवायच्या? लिफ्टमध्ये!” सगळे हसले आणि पॅनल मंजूर झालं.

पॅनल बसलं. एप्रिलमध्ये त्याची वीज एकदम कमी का झाली, ते बघायला सेक्रेटरी भरदुपारी वर गेले. मीही मागोमाग गेलो. पॅनलवर जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या आणि त्यांवर लालभडक मिरच्या पसरल्या होत्या.

“काकी, अहो हे काय?”

“सगळ्यात जास्त ऊन कुठे? इथे. तुम्हीच जागा शोधलीत.”

“अहो, पण वीज कमी झाली ना!”

काकी शांतपणे मिरच्या खालीवर करत राहिल्या. “तुमच्याकडचा मसाला संपला?”

आणि पहिल्यांदाच त्या उत्तरासाठी थांबल्या.

सेक्रेटरींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“मागच्याच आठवड्यात,” ते म्हणाले.