रिकामा रस्ता

वडगावच्या मागच्या डोंगररस्त्यावर दर रविवारी एक म्हातारी दिसायची. डांबरावर भात वाळत घालून, कडेनं दगडांची ओळ मांडून राखण बसलेली. माझी सायकल दिसली की काठीनं भात बाजूला सारून चाकापुरती वाट द्यायची. एवढीच आमची ओळख.

मग मला दुर्बुद्धी सुचली. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘चढ मस्त, रस्ता एकदम रिकामा!’ पुढच्या रविवारी वीसजण आले. एका शहाण्यानं दगड लाथेनं उडवले आणि बाकीचे सरळ भातावरून गेले. वर एकजण तिच्यावरच खेकसला, “रिकामा रस्ता म्हणून आलो, आणि हा कसला पसारा!”

 आणि लेकाचा मी ब्रेक दाबून मागेच रेंगाळलो.

सगळ्यात मागे मीच होतो. तिनं माझं हँडल धरलं. “रस्ता रिकामा हाय म्हून कुन्या मुडद्यानं सांगितलं रं? आमी काय मेलो व्हय? तुला ठावं हाय का?”

“नाही, मावशी.”

तिनं हँडल सोडलं, काठी उचलली आणि विस्कटलेला भात बाजूला सारून मला वाट करून दिली.