राजश्रीची पदवी कुठेच बसत नाही

आमच्या शाखेचं ऑफिस शाहूपुरीत, गुळाच्या एका अडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली गुळाला मुंगळे लागतात आणि वर आम्हाला किस्से. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एक अर्ज जातो, दिल्लीच्या मुख्य कार्यालयातून त्याला उत्तर येतं, की संध्याकाळच्या चहाला नवा किस्सा तयार. पूर्वी मी हसून सोडून देत असे. हल्ली राग येतो. आणि राग आला की लगेच शंका येते, चूक आपलीच तर नसेल? म्हणून जसं घडलं तसं सांगतो, तुम्हीच ठरवा.

संस्थेचं नाव लिहीत नाही. नोटीस आली तर या वयात मला झेपणार नाही. कारखान्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासून त्यावर सही करणाऱ्यांची ही संस्था, एवढं पुरे. सभासद असाल तर तुमची सही बँकेत चालते, नसाल तर तो नुसता कागद. सभासद व्हायला अनुभव लागतो आणि ‘मान्य बिझनेस पदवी’ लागते. ही दुसरी अट म्हणजे सगळ्या किश्श्यांची आई.

मी कॉमर्स कॉलेजातून निवृत्त झालेला प्राध्यापक. इथे अर्जांची छाननी करायला मानद सल्लागार म्हणून बसतो. सेक्रेटरी अण्णासाहेब मगदूम. ते फार जुन्या नियमाने सभासद झाले, तेव्हा कुठलीही पदवी चालत असे. त्यांचा आवाज असा, की ते खिडकीत उभे राहून बोलले तरी दिल्लीला फोन करायची गरज पडू नये.

*

राजश्री चौगुले माझी विद्यार्थिनी. एम.कॉम.ला विद्यापीठात पहिली आली होती. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीचं कॉस्टिंग ती बघते. वितळलेल्या लोखंडाच्या किलोमागे वीज किती, कोळसा किती, वाया किती गेलं, सगळं तिच्या जिभेवर. मालकांनी तिला सांगून ठेवलं होतं, “दिवाळीपर्यंत मेंबरशिप आण, पोरी. कॉस्टिंगची हेड तूच. न्हाईतर पुण्यासनं माणूस आणायला लागंल, आणि त्येच्या हाताखाली तुला काम करायला लागंल.”

पुण्याहून येणाऱ्याला काम शिकवायचं कुणी, तर तिनेच. तिने अर्ज केला.

दिल्लीचं उत्तर आलं, अर्जदाराच्या पदवीच्या नावात ‘बिझनेस’ हा शब्द आढळत नाही.

मी स्वतः फोन केला. कॉमर्स म्हणजे व्यापारच, हे तिथल्या गृहस्थांना अर्धा तास समजावून सांगितलं. शिकवायची सवय, थांबता येत नाही. त्यांनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, वो सब ठीक है. लेकिन लिस्ट में नहीं है.”

मगदूम म्हणाले, “सर, बारशालाच चुकलं बघा. डिग्रीचं नाव ‘बिझनेस’ ठेवायला पायजे हुतं.”

*

त्याच आठवड्यात अजिंक्य आला. मुरगूडच्या मंडप-डेकोरेशनवाल्यांचा मुलगा. तिशीचा, तोंडभर हसणारा, वाकून पाया पडणारा. अर्जासोबत त्याने पेढ्यांचा बॉक्सही टेबलावर ठेवला. पदवी ‘इव्हेंट बिझनेस मॅनेजमेंट’. विद्यापीठ परराज्यातलं.

“कसं आहे तुझं विद्यापीठ?” मी विचारलं.

“बघितलं न्हाय, सर. पण वेबसाईट लई भारी हाय.”

“ब्रेक-ईव्हन कशाला म्हणतात?” ना नफा ना तोटा कुठे होतो, हा पहिल्या वर्षाचा धडा.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “सर, ते आमचे अकौंटंट बघत्यात.”

मी छाननीच्या शेऱ्यात ‘पुनर्विचार व्हावा’ असं लिहिलं. दिल्लीची मंजुरी आली तेव्हा बॉक्समधले पेढे अजून मऊ होते.

मुलगा गुणी आहे. माझा राग त्याच्यावर नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

*

राजश्रीने अपील केलं. या वेळी दिल्ली जरा विरघळली. एम.कॉम.मध्ये बिझनेसचे विषय होते असं दाखवा, विचार करू, असं कळवलं. गुणपत्रिकेवर नुसतं ‘पेपर चार’ लिहिलेलं. चारमध्ये काय होतं?

कॉलेजला अभ्यासक्रम मागितला. कॉलेजने तत्परतेने पाठवला, पण या वर्षीचा. दिल्ली म्हणाली, हा अर्जदाराच्या काळातला नाही. जुना मागितला, तर तो रद्दीत गेला होता.

मी म्हटलं, त्यात काय, मी लिहून देतो. पेपर चार मीच शिकवलाय. ज्या मंडळाने तो अभ्यासक्रम तयार केला, त्यातही मी होतो. दोन पानं लिहिली, खाली पदव्यांसकट सही केली.

उत्तर आलं, प्रमाणित करणारी व्यक्ती संस्थेची सभासद नाही.

“मग व्हा की मेंबर,” मगदूम म्हणाले. “त्यात काय अवघड हाय? तुमच्याकडं तर डिग्र्यांची माळ हाय.”

*

म्हणून या वयात मी अर्ज केला. एम.कॉम., एलएल.बी., पीएच.डी. परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

एम.कॉम.चं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. एलएल.बी. असंबद्ध ठरली. पीएच.डी.बद्दल लिहिलं होतं, यात वर्गातील तासांची नोंद नाही.

मी कपाटातून सगळी प्रमाणपत्रं काढून पलंगावर पसरली. बायको म्हणाली, “काय शोधताय?”

“बिझनेस हा शब्द.”

“मग एवढी वर्षं पोरांना काय शिकवत होतात?”

खरं सांगतो, दिल्लीचंच बरोबर असेल, असंही वाटून गेलं. मी आयुष्यात पेनसुद्धा विकलेलं नाही. व्यापार शिकवायचा अधिकार मला दिला कुणी?

पण त्या पत्राची शेवटची ओळ वाचली आणि डोकं पुन्हा तापलं. तिथे लिहिलं होतं, ‘अधिक मार्गदर्शनासाठी आपल्या शाखेच्या छाननी सल्लागारांना भेटावे.’

तो सल्लागार मीच.

*

मग मगदूमांनी फोन हातात घेतला. खालच्या दुकानातले हमाल ढेपा उचलायच्या थांबले.

“ते सर पीएच.डी. हायत. ती पोरगी विद्यापीठात पहिली हाय. तुमाला आणि काय पायजे?”

पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, “आप की क्वालिफिकेशन?”

“बी.एस्सी. बॉटनी.”

“आप तो वैलिड मेंबर हैं, सर. आप चिंता मत कीजिए.”

मगदूमांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “झाडंझुडपं शिकलेला चालतोय, सर. तुमी न्हाय.”

पण ओरडण्याचा उपयोग झाला. आठवड्याने कळवलं, की राजश्रीची तोंडी चाचणी घ्यावी, त्यात पास झाली तर सभासदत्व देऊ. दिवाळी तोंडावर आली होती, मालकांचं पुण्याच्या माणसाशी बोलणंही सुरू झालं होतं. आम्ही खूश झालो. मग खालची अट वाचली. चाचणी जिल्ह्यातल्याच अशा सभासदाने घ्यावी, ज्याच्याकडे नव्या नियमाप्रमाणे मान्य बिझनेस पदवी आहे.

अशी व्यक्ती जिल्ह्यात एकच होती.

*

दोन दिवसांनी ऑफिसात राजश्रीचा फोन आला. आवाज विचित्र येत होता, हसतेय की रडतेय कळेना.

“सर, अजिंक्यचा फोन आला होता.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ताई, परवा तुमची परीक्षा मी घ्यायचीय. मला त्यातलं काय येत न्हाय. प्रश्न जरा तुमीच काढून देता काय?”

मगदूमांनाही ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

“आणि म्हणाला, उत्तरं बी द्या. न्हाईतर बरोबर का चूक ते मला कसं कळायचं? सर, देऊ काय?”

मी म्हटलं, “अगं, हे नियमात बसतं का, बघायला...”

मगदूमांनी फोन ओढून घेतला. “दे की! नियमात कोण बसलंय हितं? सर बसले न्हाईत, तू बसली न्हाईस. दे, आणि सोपं काढू नकोस.”

तिने सोपं काढलं नाही. भट्टीच्या खर्चावर दहा प्रश्न काढले आणि उत्तरांसकट व्हॉट्सॲपवर पाठवले. मी ते वाचले. त्यातले दोन मलाही सुटले नसते.

चाचणी आमच्याच ऑफिसात झाली. सभासद नसल्यामुळे मला आत बसता येईना. मगदूमांना येत होतं, पण तेही माझ्यासोबत जिन्यात थांबले. आतून मोबाईलवर बघून सावकाश वाचल्याचा आवाज येत होता, मग राजश्रीचा, मग पुन्हा त्याचा, “थांबा ताई, शब्द जुळवून बघतो.”

दार उघडलं. राजश्री बाहेर आली, चेहरा लालबुंद.

“पास?” मगदूमांनी विचारलं.

“पास.”

“पैकीच्या पैकी?”

“दहापैकी नऊ.”

पाठोपाठ अजिंक्य आला. आधी माझ्या पाया पडला, मग मगदूमांच्या. चपला पायात सरकवता सरकवता तो राजश्रीकडे वळला आणि अगदी आपुलकीने म्हणाला, “झालंय तुमचं काम, ताई. पण अभ्यास जरा वाढवायला पायजे.”