साखरेचे पडाववाले

मुंबईची आगबोट मालवणच्या धक्क्याला कधी लागलीच नाही. खडकांच्या भीतीने ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, माल पडावांतून, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांतून, किनाऱ्यावर येई. त्यामुळे मुंबईपासूनच्या वाटेसाठी कंपनीशी एकदाच बोलणं होई, आणि शेवटच्या हाकेच्या अंतरासाठी पडावाच्या म्होरक्याशी, तांडेलाशी, दर खेपेला भांडण. मी सुक्या मासळीचा व्यापारी, डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केलेला. तांडेल दर सांगे आणि समुद्राकडे बघत बसे. एकदा मी धक्क्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "माल माझो, बोट कंपनीची. मदी तुमी कोण?"

त्याच वर्षी मी वाळू लागलो. खाणं दुप्पट, अंगाला काही लागेना. शेजारी म्हणाले, दृष्ट लागली. दृष्ट लागण्याइतकी माझी भरभराट त्यांनी कबूल केली, याचंच मला समाधान. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली, ती विटेसारखी लाल झाली. म्हणाले, रक्तात साखर भरपूर आहे, पण पेशींच्या आत जात नाही, म्हणून शरीर उपाशी. माल दारात आणि घर उपाशी, हा कसला व्यवहार, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, पेशीच्या भिंतीतून साखर आत नेणारं कोणीतरी असावं आणि इन्शुलिनवाचून ते हलत नसावं. 'असावं'वर मी आजवर पैसे टाकले नव्हते. निम्म्या इंजेक्शनांत भागवा म्हटल्यावर ते इतके तापले की बायकोनेच मध्ये पडून सगळी इंजेक्शनं कबूल करून टाकली.

ती साखर नेणारी प्रथिनं पुढे सापडली. स्नायूंच्या पेशीत ती म्हणे आत बसून असतात आणि इन्शुलिनची हाक आली की भिंतीपाशी येतात. हे वाचून लोकांना नवल वाटतं. मला वाटलं नाही. असली जात मी धक्क्यावर पाहिली होती.

पावसाळ्याआधीची शेवटची बोट आली तेव्हा माझी पेटी तिच्यावर होती, सगळ्या पावसाळ्याचं इन्शुलिन. डॉक्टरांचं कपाट रिकामं होतं. समुद्र उचललेला. पडावाने एका खेपेत माणसं उतरवली आणि पेटी बोटीवरच राहिली. बोट तशीच वेंगुर्ल्याला गेली असती, तर तो पावसाळा मी काढला नसता.

तांडेल पडाव वाळूत ओढायच्या तयारीत होता. मी दर विचारला. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगेल तो द्यायला तयार होतो, आणि नेमका त्याने दर सांगितला नाही.

"एक वल्हेकरी घराक गेलो," तो म्हणाला. "पेटी तुमची, तर वल्ह्यार तुमीच बसा."

बसलो. लाटा तोंडावर घेत जाताना वल्हं मारलं. पेटी मांडीवर आली तेव्हा हातांत त्राण नव्हतं, आणि येताना सगळा वेळ मी काठावरून ओकत होतो.

धक्क्यावर त्याने सगळ्यांसमोर वल्हेकऱ्यांना हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, वाटली. माझ्याही हातावर ठेवली. मी बघितली. इतरांच्या निम्मी होती.

"शेट, येताना वल्ह्यार तुमी खंय होतास?"

त्या उरलेल्या निम्म्या हजेरीसाठी मी भर पावसात रोज इंजेक्शन टोचून घेऊन त्याच्या दारात भांडायला जात राहिलो.