सकाळी त्या वाटेनं कोणी जात नाही

ती केस आठवली की आजही मला पहिला राग येतो तो स्वतःचा. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि ही तर सायकलवरून पडल्याची तक्रार. पण समोर बसलेला माणूस खरं बोलतोय की खोटं, हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, ही घमेंड मी वर्षानुवर्षं मिरवली होती. ती या तक्रारीने साफ उतरवली. नावं कोणाचीच घेत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

पनवेल तालुक्यातली ती माझी शेवटची नेमणूक. आपट्याच्या पुढे पाताळगंगेच्या काठाने काही गावं आमच्या हद्दीत होती. पाऊस सरला की रविवारी सकाळी तिथे मुंबई-पुण्याच्या गाड्या लागायच्या, टपावर जाड टायरच्या सायकली बांधलेल्या. डोंगरातल्या पायवाटांवरून सायकल हाकायची, नदीकाठी पोहे खायचे, फोटो काढायचे आणि दुपारी घरी. एका टूरवाल्याने टेकडीवरून उतरून थेट नदीच्या वळणाला लागणारी वाट हेरली होती. झाडांना नारिंगी फिती बांधून त्याने ती आखलीही होती. हा माणूस कागदाला पक्का होता, ग्रामपंचायतीचं परवानगीचं पत्र खिशात घेऊनच फिरायचा.

अशाच एका रविवारी त्या उतारावर कोणीतरी आडवं जाळं बांधलं. मासे धरायचं नायलॉनचं जुनं जाळं, दोन झाडांच्या मध्ये, गुडघाभर उंचीवर. सगळ्यात पुढे रोडपालीला राहणारे, बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ होते. त्यांचं पुढचं चाक जाळ्यात गेलं आणि ते खडकावर आपटले. खांद्याचं हाड मोडलं. डोकं हेल्मेटमुळे वाचलं. गुन्हा दाखल झाला, जागेचा पंचनामा झाला, जाळं जप्त केलं, आणि त्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरणही ताब्यात घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या एका चहावाल्याचा ठाण्यात फोन आला. जाळं कोणाचं ते त्याने सांगितलं. त्या माणसाचं महिन्यापूर्वी टूरवाल्याशी वाजलं होतं, गाड्या त्याच्या खळ्यात लावतात म्हणून. हेतू मिळाला, वस्तू मिळाली. आमच्या धंद्यात एवढं मिळालं की अधिकाऱ्याला जरा गादीवर बसल्यासारखं वाटतं.

माणूस चाळिशीचा, गावातलाच शेतकरी. जमीन बरीचशी प्रकल्पात गेलेली. मी जाळं टेबलावर टाकलं. त्याने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "जालं माझंच हाय, सायेब. पन मी नाय बांधलं."

मी मनात म्हटलं, अर्धं कबूल केलंस, उरलेलं उद्या करशील. गुन्हेगार माणूस आधी वस्तूच नाकारतो, ही साधी गोष्ट मी शिकाऊ फौजदारांना शिकवत आलो होतो. त्या दिवशी मलाच ती आठवली नाही. मग कोणी बांधलं? माहीत नाय. घरातून कोणी नेलं? माहीत नाय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना, पोलीस पाटलाला, गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना विचारलं. प्रत्येकाचं तेच, माहीत नाय. सगळा गाव मिळून बनवतोय म्हणून माझं डोकं फिरलं. त्याला रोज सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचो.

आता खरी गोम सांगतो. त्याच माणसाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. एका कंपनीच्या बसवर त्याला ड्रायव्हरची नोकरी लागत होती, फक्त पोलिसांचा दाखला हवा होता. शनिवारी दाखला दिला नाही तर गाडी दुसऱ्याच्या हातात जाणार होती. तिसऱ्या दिवशी त्याने हे मला हात जोडून सांगितलं. मी त्याच्यासमोरच कारकुनाला म्हटलं, "हा अर्ज बाजूला ठेवा." दाब टाकायची माझी ही पद्धत होती, आणि ती बहुतेक वेळा चालायची. तो नुसता बाकावर जाऊन बसला.

गुरुवारी चित्रीकरणाचा पंचनामा लिहायला मी आमच्या एका महिला हवालदारांना बसवलं. ठाण्यात सगळे त्यांना बाई म्हणायचे. कमी बोलणाऱ्या, अक्षर सुरेख. मी ते चित्रीकरण दहा वेळा पाहिलं होतं. जाळं कधी दिसतं, चाक कधी अडकतं, एवढंच मी बघत होतो. बाईंनी एके ठिकाणी ते थांबवायला लावलं.

"सर, डावीकडे बघा. नदीत."

नदीच्या वळणावर पाच-सहा बायका कमरेइतक्या पाण्यात होत्या. अंघोळीच्या वेळच्या. सायकलींचा आवाज आल्याबरोबर सगळ्यांनी एकदमच पाठ फिरवली होती. एकीने ओलं लुगडं डोक्यावरून ओढलं होतं. ते दोन क्षण मी दहा वेळा पाहिले होते आणि मला एकदाही दिसले नव्हते.

बाईंनी टूरवाल्याच्या इंटरनेटवरच्या पानावरची आधीच्या रविवारांची चित्रीकरणं शोधली. वर गाणं लावलेलं, खाली 'निसर्गरम्य खोरं' वगैरे लिहिलेलं, आणि दर वेळी तेच वळण. पहिल्या रविवारी बायका धावपळ करत होत्या. पुढच्या रविवारी थोड्या कमी होत्या. त्यानंतर वाटेवर काट्यांच्या फांद्या टाकलेल्या, आणि टूरवाल्याची माणसं हसत हसत त्या उचलून बाजूला फेकताहेत. हे सगळं जगासमोर उघडं पडलं होतं. लाज वाटली मला.

मी टूरवाल्याला बोलावून झाडलं. त्याने परवानगीचं पत्र पुढे केलं. त्यावर पाच सह्या, पैकी चार पुरुषांच्या. पाचवी सरपंचबाईंची, ती त्यांच्या यजमानांनी घरून आणून दिलेली. टूरवाला म्हणाला, मी नीट विचारलं होतं साहेब, आणि सगळे म्हणाले, सकाळी त्या वाटेनं कोणी जात नाही.

मी गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, असं कसं सांगितलंत तुम्ही? मीच वेडा असल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. "आमी कोनी जातच नाय सायेब. बायकांची वेल असते ती." त्या गावात सूर्य चांगला वर येईपर्यंत एकही बाप्या त्या वळणाकडे फिरकत नाही. कुठे लिहिलेलं नाही, कोणी कोणाला बजावत नाही. जन्मापासून सगळे तसंच वागत आलेले. त्यामुळे ते खरंच बोलले होते. फक्त ती वाट बायकांची आहे, हे सांगायचं असतं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि बायकांना कोणी विचारलंच नाही. मीही नाही. गुन्ह्याच्या तपासात मी गावातल्या एकाही बाईचा जबाब घेतला नव्हता.

त्या दुपारी बाई साध्या साडीत गावात जाऊन आल्या. जाळ्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. नदीवर बायकांपाशी बसल्या आणि एवढंच सांगितलं, की शनिवारी त्या माणसाची नोकरी जाणार आहे.

शुक्रवारी ठाण्यात झाडलोट चालली होती, तेवढ्यात त्याची बायको दारात उभी राहिली. मागे आणखी तिघी. मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. "जालं मी बांधलं. या तिघींची नावं लिवू नका. जालं माझ्या घरचं, गाठी माझ्या."

त्यांच्यातली एक सून पनवेलला कपड्यांच्या दुकानात कामाला होती. तिला मोबाईलवर ते चित्रीकरण दिसलं होतं, आणि त्यात तिची सासू. त्या सुनेने ते फक्त बायकांना दाखवलं. आधी काटे टाकले, ते उचलले गेले. मग जाळं. मी विचारलं, माणूस पडेल असं वाटलं नाही का? ती म्हणाली, "थांबावा म्हनून बांधलं. पडला तर पडला, असंबी वाटलं. खोटं कशाला बोलू?"

त्या खोलीत आठवडाभरात मला मिळालेला हा सगळ्यात पुरा जबाब. नवरा बाकावरून उठून आत आला होता. मला का नाय सांगितलंस, एवढंच तो म्हणाला.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी कोयता घेऊन गेला असता," ती म्हणाली. "मग हितं कायमचे बसला असता."

कायद्याने तिच्यावर गुन्हा होता आणि मी दोषारोपपत्र पाठवलं. तपासात एकटीचंच नाव निष्पन्न झालं असं लिहिलं. याहून जास्त इथे सांगत नाही. तिने चित्रीकरणाची उलट तक्रार द्यावी म्हणून मी खूप समजावलं. तिने विचारलं, मग ते कोर्टात लावून बघतील का? मी हो म्हटलं, आणि तिने विषय संपवला. रोडपालीच्या गृहस्थांना बाईंनी त्यांचंच चित्रीकरण दाखवलं. पुढे कोर्टाच्या परवानगीने त्यांनी तडजोड केली. टूरवाल्याने सगळी चित्रीकरणं काढून टाकली. सायकली आजही जातात, पण वरच्या वाटेने.

नवऱ्याचा दाखला मी शुक्रवारीच सही करून स्वतःच्या हाताने दिला. यांच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही, हे वाक्य त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मी खरंच बोलत होतो, सायेब." नोकरीत त्या बाकावरच्या माणसाची मी कधी माफी मागितली नव्हती. त्या दिवशी मागितली. त्याला ती घ्यावी की नाही हे कळेना. कागद घडी करून तो निघून गेला. नोकरी मिळाली त्याला.

निवृत्तीनंतर एकदा हा सगळा किस्सा मी घरी बायकोला रंगवून सांगत होतो, कसं कोणाच्या लक्षातच आलं नाही म्हणून. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, की आपल्या पहिल्या पोलीस लाईनीत आठ खोल्यांना मिळून एक न्हाणीघर होतं, त्याच्या दाराला कडी नव्हती आणि समोरच गार्डची चौकी. बायका चार वाजता उठून उरकायच्या, एक आत गेली की दुसरी दारात उभी.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुम्ही त्या गार्डच्या कानाखाली काढली असतीत," ती म्हणाली. "नोकरी नवीन होती तुमची."

त्या लाईनीत आम्ही सहा वर्षं राहिलो होतो.