मामूंचा आयरिश बँड

आयर्लंड हा देश श्रीवर्धनपासून फार तर दोन खाड्या पलीकडे असावा, आणि तिथल्या लोकांना स्वतःचं संगीत नीट जमत नसल्यामुळे ते सांभाळायची जबाबदारी आपल्यावर आली आहे, याबद्दल मामूंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मामू माझे कुणी लागत नव्हते. सौदी अरेबियातल्या अल खर्जमध्ये जो मराठी बोलेल तो त्यांचा भाचा, एवढंच नातं. ते एका मोठ्या डेअरी फार्मचे स्टोअरकीपर, मी जवळच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. आयर्लंडला ते जन्मात गेले नव्हते. "मी कशाला जाऊ? ते आले की इकडे," असं म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. वाळवंटात हजारो गाई पाळायच्या म्हणजे गाई कळणारी माणसं लागतात, त्यामुळे एके काळी त्या फार्मवर आयरिश माणसांची रेलचेल होती.

त्यांच्यातल्याच ब्रेंडन नावाच्या गुरांच्या डॉक्टरांनी कंपाउंडच्या हॉलमध्ये हा बँड काढला. ते स्वतः फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायचे. एक जण बासरी घेऊन बसायचा, एक जण कॉन्सर्टिना नावाची तळहाताएवढी पेटी, आणि लॅबमध्ये दूध तपासणारा एक जण बकऱ्याच्या कातड्याचा डफ बडवायचा. बडवायचाच. मामू हॉलमध्ये ट्यूबलाइट पोचवायला गेले होते. पाच मिनिटं त्यांनी कसंबसं सहन केलं, मग ट्यूबलाइट भिंतीला टेकवली आणि त्या माणसाच्या हातातून डफ काढून घेतला. घरात चार पिढ्या लग्नाकार्याला डफ वाजवलेला माणूस तो, त्याला ते बघवेना. दूध तपासणारा सुटकेचा श्वास टाकून दूध तपासायला गेला आणि मामू त्या खुर्चीत बसले ते बसलेच.

या संगीतात कागदावर काही लिहिलेलं नसतं. एकाने दुसऱ्याचं ऐकायचं आणि उचलायचं. त्यामुळे कोणती चाल कुणाकडून आली हे सांगून मग वाजवायची त्यांची रीत आहे. मामूंना ही रीत इतकी आवडली की चाल दोन मिनिटांची आणि तिची वंशावळ सात मिनिटांची, असा प्रकार सुरू झाला. "हे मला ब्रेंडनने दिलं, ब्रेंडनला त्याच्या आत्याने, आत्याला एका कल्हईवाल्याने," आणि मग त्या कल्हईवाल्याचा स्वभाव. एकदा आयर्लंडहून नवाच आलेला एक तरुण डॉक्टर आपल्याच गावची चाल भरभर वाजवायला लागला. मामूंनी डफावरचा हात थांबवला आणि म्हणाले, "ऐसा नहीं. हमारे में ऐसा नहीं बजाते." हमारे में, म्हणे, आणि मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. त्याने घरी फोन करून आजोबांना विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात मान खाली घालून हळू वाजवली. मी मामूंना म्हटलं, अहो, थोडी तरी लाज बाळगा. तर म्हणाले, "लाज त्याने बाळगावी. आजोबा त्याचे आहेत."

मग सौदीकरण आलं, म्हणजे नोकऱ्या आधी सौदींना. सरकारकडून कंपन्यांना रंग मिळाले, हिरव्यात राहायचं तर इतके सौदी ठेवा, नाहीतर परदेशी माणसाचा नवा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, विसरा. आयरिश मंडळी एकेक करून निघाली. मामूंनी तत्काळ फर्मान काढलं: माणसाला फायनल एक्झिटचा शिक्का मारून कायमचं घरी पाठवता येतं, वाद्याला नाही. जाणाऱ्याने वाद्य इथेच ठेवायचं. आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी निमूट ठेवलं. लहानपणी चार महिने पेटी शिकलो होतो, एवढ्या गुन्ह्यापायी कॉन्सर्टिना माझ्या गळ्यात आली. ब्रेंडनची फिडल आमच्या हॉस्पिटलातल्या फिलिपिनो ब्रदरने उचलली आणि त्याने मात्र तिचं सोनं केलं. शेवटचा आयरिश माणूस गेला त्या आठवड्यात मी म्हटलं, मामू, आता आटपलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच लाजलो. "का? तुझी बोटं गेली का त्याच्याबरोबर?"

खरी कमाल पुढेच. मामूंच्या हाताखाली अबू फहद नावाचे एक पन्नाशीचे सौदी गृहस्थ आले. हाताखाली म्हणजे काय, मामूंची खुर्ची घ्यायलाच आले होते, हे सगळ्या फार्मला ठाऊक होतं. मूळचे आखाताच्या किनाऱ्यावरच्या अल खफजीकडचे. तिकडे लग्नात जिरबा वाजवतात, बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची पिशवी, तोंडाने फुगवून काखेत दाबत वाजवायची. अबू फहदच्या घरात ते होतं. मामूंना हा शोध लागला मात्र, त्यांनी त्याला थेट हॉलमध्ये आणून बसवलं. मी चिडलो. म्हटलं, "मामू, तो तुमची नोकरी घेतोय आणि तुम्ही त्याला बँडमध्ये घेताय?"

"नोकरी त्याला सरकारने दिली," मामू म्हणाले. "बँडमध्ये मी घेतला. त्यात सरकारचा काय संबंध?"

जिरब्याचे सूर आयरिश चालींशी जुळेनात, म्हणून मामूंनी त्याला एकच सूर धरून ठेवायला सांगितलं. मग ते जे काही झालं ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच बँडमध्ये आहोत.

रियाधमधली आयरिश मंडळी वर्षातून एकदा गाण्याबजावण्याची संध्याकाळ करायची, आणि अल खर्जच्या बँडला दरवर्षी बोलावणं असायचं. त्या वर्षी कळवलं की तुमच्यात कुणी आयरिश उरलं नाही असं ऐकतो, तर या वर्षी राहू द्या. मामूंनी पत्र वाचलं, घडी घातली, आणि अबू फहदला व्हॅन काढायला सांगितली. तिथे दारातच कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई भेटल्या. बिचाऱ्या अवघडून म्हणाल्या, "पण तुमच्यात आयरिश कोण आहे?"

मामू म्हणाले, "चाली आहेत. माणसं मिळतील तशी घेतो."

आणि तिथेच, चपला न काढता, त्यांनी वंशावळ सुरू केली. आत्या झाली, कल्हईवाला झाला, ब्रेंडन झाला. बाईंच्या मागे माणसं जमली. त्यातली एक म्हातारी त्या आत्याच्या गावची निघाली, ती मामूंचा हात सोडेना. मग आम्ही वाजवलं. मी तीनदा चुकलो, कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी बाई स्वतः येऊन म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की यायचं. मामू म्हणाले, "येणार."

परतीच्या वाटेवर अबू फहदनी व्हॅन बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. अर्ध्या हिंदीत, अर्ध्या अरबीत म्हणाले की मामूचं एक्झिट लागलंय, वीस दिवस राहिलेत, मी मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, सांगितलं मला ही खुर्ची नको, पण मामूच म्हणतो, तू बस. मी मागे वळून मामूंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "यल्ला, चल," म्हणाले, "रस्त्यात गाडी उभी करू नये."

वीस दिवस त्यांनी अबू फहदला स्टोअरचा एकेक खिळा दाखवला. डफ खुर्चीवर ठेवला आणि गेले.

पुढच्या वर्षी आम्ही तिघंच निघालो. व्हॅनमध्ये बसण्याआधी मी श्रीवर्धनला फोन लावला. मामूंनी अर्धा तास झापलं. कुणी कुठे बसायचं, ब्रदरला घाई करू देऊ नकोस, अबू फहदला म्हणावं आधी पाणी पी. मग आवाज एकदम उतरला.

"भाच्या," ते म्हणाले, "मला यायचं नव्हतं रे इकडे."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. म्हटलं, "माहीत आहे, मामू."

लगेच आवाज चढला. "हे कुणाला सांगू नकोस. त्या बाई विचारतील. सांग, सुट्टीवर गेलाय."

बाईंनी दारातच विचारलं. मी सांगितलं, सुट्टीवर गेलेत.